जितकी माणसं, तितक्या खुर्च्या

किस्से जमवायचे म्हणून कोणी समुपदेशनाचं काम धरत नाही हो! पण आमच्याकडे ते जमत गेले. घरातल्या एखाद्या डब्यात रबरबँड कसे जमतात? विकत कोणी आणलेले नसतात, पण डबा बघावा तर भरलेला. तसंच झालं.

खरी नावं अर्थातच सांगणार नाही. गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत. एवढं करूनही कोणी स्वतःला ओळखलंच, तर गालात हसावं आणि गप्प बसावं.

आमचं केंद्र पनवेलच्या लाईन आळीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या. त्यांतल्या मागच्या खोलीत पडद्यामागे एक ओटा, त्यावर गॅसची शेगडी आणि चहाचं पातेलं. आम्ही तिघं. सुलभाताई सगळ्यात मोठ्या, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. केंद्र त्यांनीच सुरू केलेलं. शेख सर उर्दू शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, खाडीकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेले. आणि तिसरी मी, वीणा.

आमची पद्धत साधी होती. लोक यायचे ते एका माणसाला पुढे ढकलत यायचे. "ही बिघडलीय, हिला नीट करा!" जणू मिक्सर दुरुस्तीला आणलाय. आम्ही म्हणायचो, माणूस एकटा बिघडत नाही, घरातले सगळे एकमेकांशी कसे वागतात ते बघू. म्हणून सगळ्यांना बोलवायचो. घरात जितकी माणसं तितक्या खुर्च्या मांडायच्या. जो यायला नाही म्हणेल त्याचीही खुर्ची मांडायची आणि ती रिकामी ठेवायची. कोण कुठे बसतं, कोण कोणाकडे पाठ करतं, रिकाम्या खुर्चीकडे बघताना कोणाचा आवाज बदलतो, अर्धं काम तिथेच कळायचं.

मी या कामात चांगली होते. उगाच नम्रपणा कशाला? पण एक खोड होती. मला उत्तर फार लवकर सुचतं, आणि सुचलं की तोंडात राहत नाही. समोरचे दोघं कुठे जरा एकमेकांशी बोलायला लागले की मी मध्ये पडलेच! ताईंनी त्यावर उपाय काढला होता. मी तोंड उघडतेय असं दिसलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "वीणा, जरा चहा बघ."

आता चहा कुठला बघायचा? शेगडी बंद असायची! पण उठायचं, पडद्यामागे जायचं, रिकाम्या पातेल्याकडे दोन मिनिटं बघायचं आणि परत येऊन बसायचं. तोपर्यंत ती माणसं आपली आपण बोललेली असायची. मला याचा मनापासून राग यायचा. आणखी राग याचा यायचा की ताईंचं बरोबर असायचं.

* * *

अगदी पहिल्या आठवड्यातलं जोडपं. करंजाडेच्या नव्या बिल्डिंगमधलं, दोघंही नोकरीवाले. फॉर्मवर लिहिलेलं, घरात माणसं दोन. मी दोन खुर्च्या मांडल्या. बायको बसली, नवरा बसला. नवऱ्याने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली तिसरी खुर्ची उचलली आणि दोघांच्या मधोमध आणून ठेवली.

मी विचारलं, "ही कोणाची?"

"आईची."

"अच्छा, आई येतायत का?"

"नाही, नाही. आई साताऱ्याला असते."

मी बायकोकडे बघितलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "येतात ना. सकाळी सातला, दुपारी एकला आणि रात्री नऊला. जेवणानंतर! मोबाईलवर. औषधासारख्या!"

नवरा ओशाळला. मी लगेच सांगायला निघाले की असं करा, नऊचा फोन बंद करा, सातचा तुम्ही उचला... "वीणा, जरा चहा बघ."

मी पडद्यामागे गेले. परत आले तर नवरा ती खुर्ची उचलून आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवत होता. आई तिथेच होती, फक्त मधोमध नव्हती. मी सांगितलं असतं तर त्याने सात जन्मात हलवली नसती.

* * *

या चहापायी माझी जी शोभा झाली ती काय सांगू! जुन्या पनवेलच्या एक सासूबाई सुनेला घेऊन चार वेळा आल्या. चारही वेळा मी निदान दोनदा उठले. शेवटच्या दिवशी सासूबाईंनी ताईंचे आभार मानले, शेख सरांना नमस्कार केला आणि जाताजाता मला जिन्यात गाठलं.

"इथं काय राम नाही गं तुला," त्या हळूच म्हणाल्या. "सारखं उठवतात. आमच्याकडे येतेस का? चार माणसांच्या पोळ्या आणि दोन वेळचा चहा. बसवून ठेवीन!"

त्यांना चार वेळांत एकदाही माझ्या हातचा चहा मिळाला नव्हता, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. सूनबाई मागे उभ्या होत्या, तोंडात पदर. सासू आणि सून एकाच गोष्टीवर हसतायत हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, म्हणून अपमान गिळला.

* * *

आता मानसीचं सांगते, कारण बाकी किस्से गमतीचे आहेत पण त्या वर्षी आम्हा तिघांच्या डोक्यात खरं काय घोळत होतं तर ही पोर.

उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातलं कोळी कुटुंब. मानसी नऊ वर्षांची. तिला घेऊन आई-वडील आले, सुगंधा आणि हरेश. हरेश बंदरावर कंटेनरच्या यार्डात कामाला. घरात चौथा माणूस म्हणजे मानसीचा आजा, गोमा नाखवा. स्वतःची होडी असलेला, अजून रोज पहाटे समुद्रावर जाणारा. तो आला नव्हता. "मी काय येडा हाय?" असा त्याचा निरोप होता. म्हणून चौथी खुर्ची रिकामी.

मानसी बोलत नव्हती. नारळी पौर्णिमेपासून एक शब्द नाही! घरात नाही, शाळेत नाही, मैत्रिणींशी नाही. डॉक्टर झाले, कान-घसा तपासून झाला, सगळं ठणठणीत. शाळेच्या बाईंनी सांगितलं होतं की वार्षिक परीक्षेपर्यंत बोलली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी तिच्यासाठी दुसरीकडे कुठे बघा.

"शाला सुटली तं ही घरीच बसंल," सुगंधा म्हणाली. "आनि आमच्या घरान बोलतं कोन?"

तिथून गोष्ट उलगडली. त्याच्या दोन वर्षं आधीच्या नारळी पौर्णिमेला बापलेकांनी मिळून समुद्राला नारळ द्यायचा, तर हरेशला ड्यूटी लागली आणि तो आला नाही. म्हाताऱ्याने एकट्याने नारळ दिला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एका घरात, एका चुलीवर, पण बोलणं नाही. मग निरोप कसे जायचे? मानसीमार्फत! "बापाला सांग, दिवा घालवला नाय." "आज्याला सांग, बिल भरलं." दिवसातून वीस वेळा पोर ओटी ते पडवी, पडवी ते ओटी.

"आनि परवाच्या नारली पुनवंला," सुगंधा सांगू लागली, "सासऱ्यांनी हिच्या कानान कायतरी सांगितलं. ही आली, बापाच्या पुढ्यान उभी ऱ्हायली. तोंड उघडलान, मिटलान. तवापासून हे असं."

म्हातारा काय बोलला होता ते कोणाला ठाऊक नव्हतं. मानसीला लिहून दे म्हटलं तर ती पेन्सिल खाली ठेवायची.

मला तर लगेच कळलं! दोन मोठ्या माणसांच्या मध्ये पोरीची तार केली, तार तुटली. मी हरेशकडे वळून म्हणणार, "अहो, तुम्ही दोघांनी—"

"वीणा, जरा चहा बघ."

मी उठले. मानसीने मान वळवून मी कुठे जाते ते बघितलं. पडदा नीट सरकत नव्हता, फटीतून तिला पातेलं दिसत असणार. मी परत आले तेव्हा ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होती.

* * *

घराचा नकाशा ही आमची आणखी एक पद्धत. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यांच्या रेघा. मग कुठली रेघ घट्ट, कुठली तुटलेली ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

ओवे गावचे एक गृहस्थ होते, किराणा दुकान, शांत स्वभाव. मी नकाशा काढायला घेतला तर त्यांनी माझा हात धरायचाच बाकी ठेवला.

"बाई, हे आमच्या घरात उलटं करा. हिला चौकोन द्या. हिला चार कोपरे आहेत, चारही लागतात. मला गोल द्या. कोणीही ढकलावं, मी आपला घरंगळत जातो."

मी हसले. बायको नाही हसली.

"घरंगळतात ना," ती म्हणाली. "पण उतार बघा कसा, कायम बहिणीच्या घराकडेच!"

शेख सर वहीत बघत म्हणाले, "वीणाबाई, नकाशात उतार कसा दाखवतात?" आजवर मला ते माहीत नाही.

* * *

पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात. तेव्हा कोन गावाच्या पुढच्या एका वाडीवरची जोडपी कधीमधी यायची, अंगणवाडीच्या ताई पाठवायच्या. त्यातली एक काटक बाई, लक्ष्मी. नवरा शेजारी बसलेला, जमिनीकडे बघत.

आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. भारी प्रश्न आहे, मोठमोठे लोक त्यावर रडलेत. मी आवाज मऊ केला आणि विचारला, "लक्ष्मी, समजा तू आत्ता इथे नाहीस. तर तुझ्यामागे तुझा नवरा तुझ्याबद्दल आम्हाला काय सांगेल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की याच का त्या शिकलेल्या बाई.

"मी इथं नसते," ती म्हणाली, "तं ह्यो इथं आला असता व्हय?"

जमिनीकडे बघणारा नवरा पहिल्यांदा वर बघून हसला. "नसतो आलो," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "हिनंच आनलं. हीच समदीकडं नेते." त्या दिवशी आम्ही आणखी काही विचारलंच नाही. काय विचारणार?

* * *

मानसीच्या घरच्यांना पहिला गृहपाठ दिला. आठवडाभर कोणीही मानसीमार्फत निरोप पाठवायचा नाही.

पुढच्या वेळी सुगंधा आली ती तणतणतच. "पोरीला सांगत नाय, आता मना सांगतान! सुगंधा, त्याला सांग. सुगंधा, बाबाला सांग. बाई, मी पन बोलाचं बंद करू काय?"

"करा," ताई म्हणाल्या.

"आँ?"

"बोलणं नाही, निरोप बंद करा. कोणाचाही निरोप न्यायचा नाही."

त्याच्या पुढच्या वेळी हरेशचं तोंड पडलेलं, आणि सुगंधाला हसू आवरत नव्हतं. काय झालं? म्हातारा मांजरीशी बोलायला लागला होता! हरेश जेवायला बसला की म्हातारा पडवीतून मोठ्याने, "ए मांजरी, सांग त्याला, छपराचा पत्रा हलतो!" मांजर कशाला सांगतेय? ती आपली माशाच्या काट्यात. पण हरेशने उठून पत्रा ठोकला आणि मांजरीला सांगितलं, "सांग त्यांना, ठोकला!"

मी कपाळाला हात लावला. दोन महिने काम करून आम्ही मिळवलं काय, तर मांजर!

पण ताई खूश. "मांजर निरोप नेत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता दोघं एकमेकांचं थेट ऐकतायत."

मानसी ऐकत होती. मांजरीचं आलं तसे तिचे खांदे हलले. आवाज मात्र नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी तिला जवळ घेऊन काहीतरी समजावणार होते. मी तोंड उघडलं. ताईंनी काही म्हणायच्या आधीच मानसीने पडद्याकडे बघितलं.

"वीणा, जरा चहा बघ," ताई म्हणाल्याच.

* * *

कधीकधी आम्ही आणखी एक करायचो. बोलणं अडलं की आमच्यातले दोघं एकमेकांकडे खुर्च्या वळवायचे आणि त्या कुटुंबासमोरच, त्यांच्याबद्दल आपसांत बोलायचे. घरच्यांनी फक्त ऐकायचं. आपल्याबद्दल कोणी आदराने, विचार करून बोलतंय हे ऐकलं की माणसं बदलतात. खरंच बदलतात.

एका शनिवारी ताई नव्हत्या. मी आणि शेख सर. समोर दोन वर्षं भांडणारं एक जोडपं, घटस्फोटाचे कागद पिशवीत घेऊन आलेलं. आम्ही खुर्च्या वळवल्या.

मी म्हटलं, "सर, मला वाटतं यांनी थोडे दिवस वेगळं राहून बघावं."

सर म्हणाले, "मोहतरमा, मला अगदी उलट वाटतं."

"का पण?"

"तुम्ही माझं पूर्ण ऐकून घ्याल तर सांगतो."

"मी ऐकतेच!"

"ऐकता? पाच वर्षांत एकदा ऐकलंत?"

मग काय! चहा बघायला पाठवणारं कोणी नव्हतं. मागचं पुढचं सगळं निघालं. फाइली कोण लावतं, पंखा कोण विसरतं, सगळं! दहा मिनिटांनी मला समोरून आवाज आला. नवरा बायकोला हळूच म्हणत होता, "यांचं काही खरं नाही गं."

"तरी बरं," ती म्हणाली, "आपण असं चारचौघांत नाही करत."

मग तिने पुढे होऊन सरांना पाणी दिलं, आणि नवऱ्याने मला सांगितलं की मॅडम, सर वाईट नाहीत, फक्त तुम्ही त्यांना वाक्य पुरं करू द्या. दोन वर्षांत त्या जोडप्याचं पहिल्यांदा एका बाबतीत एकमत झालं, की माझं आणि सरांचं पटत नाही! जाताना म्हणाले, "पुढच्या शनिवारी येतो आम्ही. तुम्ही दोघं पण या."

* * *

आता माझ्या घरचं. हसा, हरकत नाही.

त्या वर्षी मी रविवारीही केंद्रात जायचे. एका रविवारी दुपारी अडीचला घरी आले. नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी जेवायला बसलेली, आणि माझी खुर्ची टेबलापासून जरा दूर ओढून नीट मांडलेली. ताट नाही, वाटी नाही.

"हे काय?" मी विचारलं.

मुलगी आमटी भुरकत म्हणाली, "जो येत नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवायची असते ना, आई?"

मी तिला सुनवायला तोंड उघडलं तर नवरा म्हणाला, "वीणा, जरा चहा बघ."

त्याला हे कोणी सांगितलं होतं? मीच! रोज घरी येऊन ताईंच्या नावाने खडे फोडत होते ना! मी स्वयंपाकघरात गेले आणि खरंच चहा ठेवला. पुढच्या रविवारपासून सुट्टी घेतली.

* * *

मार्च उजाडला. परीक्षा तीन आठवड्यांवर. मानसी अजून गप्प, आज्याची खुर्ची अजून रिकामी.

शेवटी शेख सर त्याच्या गावी गेले. जेटीवर त्याच्याशेजारी जाळं विणत बसले, म्हणजे तो विणत होता आणि सर बघत होते. सरांनी समुपदेशनाचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "नाखवा, आम्ही तिघं शिकलेले आहोत पण अडकलोय. पोरीला आमच्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता. मदत करायला याल का?"

"मदतीला असंल तं येतो," म्हातारा म्हणाला.

आणि आला! पांढरा धुवट सदरा, डोक्यावर टोपी. खोलीत शिरला, चार खुर्च्या बघितल्या, कोणाला काही न विचारता बरोबर त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. हरेशने मान खाली घातली. मानसी आईला चिकटून बसली.

ताईंनी विचारलं, "नाखवा, मानसीजवळ तुम्ही शेवटचा निरोप कोणता दिला होता?"

म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

"वंगाल, वाईट बोल्लो," तो म्हणाला. "रागान व्हतो. बोल्लो, बापाला सांग, मी मेलो तं मना हात लावाला येऊ नको."

सुगंधाने तोंडावर हात घेतला. हरेशने मान वर केली. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्याने बापाकडे सरळ बघितलं.

"पोरीच्या तोंडी दिलंस हे?" त्याचा आवाज फुटला. "नव वर्सांच्या पोरीच्या? मना येऊन बोलाचं व्हतं!"

"तू घरान असतोस कवा? ड्यूटी, ड्यूटी! नारलाला पन ड्यूटी!"

"सुट्टी मागितली व्हती मी! नाय दिली!"

"मंग तसं सांगाचं व्हतं!"

"तू ऐकलं असतंस? तोंड फिरवून बसलास तो बसलास!"

आता दोघंही उभे. म्हाताऱ्याची टोपी खाली पडली. "होडीकडं बघतोस कदी? बापाची होडी जगली का बुडाली, ठावं तरी हाय तुला?"

"हाय ठावं! तुजं इंजिन तिसऱ्या ठोक्याला अडखलतं! सा महिने झालं!"

म्हातारा थबकला. "तुला कसं ठावं?"

"रोज पहाटे तू निघतोस तवा मी जागा असतो. आवाज लांब जाईपरेन ऐकतो. एक दिस बंद पडंल ते मधी दर्यान!"

"मंग बोल्लास का नाय, गाढवा?"

"कुनाच्या तोंडी सांगू?" हरेश ओरडला. "पोरगी बोलत नाय!"

दोघांच्याही डोळ्यांत पाणी. आणि मला तर शब्द अगदी जिभेवर आले होते. किती सुंदर वाक्य होतं ते! बापलेकाच्या प्रेमाचं, रागाचं, सगळं त्यात होतं. मी खुर्चीत पुढे सरकले. ताई समोर डोळे पुसत होत्या, त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मी तोंड उघडलं.

माझ्या बाहीला खालून कोणीतरी ओढलं.

"बाई," मानसी म्हणाली, "जरा चा बघा."